धरून ठेवायचं काम

मुलींच्या बालगृहात काळजीवाहक म्हणून लागले, त्याच्या चौथ्या दिवशी मी पहिल्यांदा एका मुलीला जमिनीवर दाबून धरलं. ती तेरा वर्षांची होती. जेवणाचं ताट तिनं भिंतीवर मारलं होतं. मी तिच्या पायांवर बसले, माझ्याबरोबरच्या बाईंनी तिचे हात ओढणीनं बांधले. ती थकून गप्प झाली तेव्हा मला वाटलं, जमलं आपल्याला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. त्या दुपारी मी पोटभर जेवले.

मी साताऱ्याची. वडील शिंपीकाम करायचे, त्यामुळे घरात सगळ्यांना मशीन चालवता यायची. नवरा मूत्रपिंडाच्या आजारानं गेला तेव्हा माझी मुलगी आठ वर्षांची होती. तिला आईकडे ठेवून मी सांगलीला आले. बालगृह गावाबाहेर, मिरजेच्या रस्त्यापासून आत होतं. मुलाखतीला तीन माणसं बसली होती. एकानं विचारलं, "मुली अंगावर आल्या तर काय कराल?" मी म्हणाले, "समजावून सांगेन." तिघंही हसले, आणि मला घेतलं.

बारा ते अठरा वयाच्या मुली होत्या. कुणी घरातून पळालेली, कुणाला घरच्यांनीच सोडलेलं, कुणाचं लहानपणीच लग्न लावलेलं, कुणावर घरातल्याच माणसानं हात टाकलेला. बालकल्याण समिती त्यांना आमच्याकडे पाठवायची. एका पाळीला दोघी बाया. माझ्या पाळीला ज्या होत्या त्यांना सगळे थोरल्या बाई म्हणत, म्हणून मी आपोआप धाकल्या बाई झाले. थोरल्या बाई कडेगावकडच्या. त्यांचे मालक फौजेतून निवृत्त झालेले, त्यामुळे ड्यूटी, रिपोर्ट, डिशिप्लिन हे शब्द त्यांच्या तोंडात कायम.

"हितं माया करायची न्हाई," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "माया केलीस की डोक्यावर बसत्यात. आधी धरायचं, मग बोलायचं."

मी म्हणाले, "आणि धरल्यावरही ऐकलं नाही तर?"

"मग कोठी हाय की."

कोठी म्हणजे स्वयंपाकघराच्या मागची खोली. पूर्वी तिथं धान्याची पोती असायची. छताला लागून एक जाळीची खिडकी, दाराला आतून पत्रा ठोकलेला, बाहेरून कडी. कागदोपत्री तिचं नाव 'शांतता कक्ष' होतं. व्हरांड्यात कॅमेरा होता, पण कोठीचं दार वळणाच्या पलीकडं, कॅमेऱ्यात यायचं नाही. आधीच्या अधीक्षक बाई बहुतेक बैठकांना गेलेल्या असत. अर्धा तासच आत ठेवायचं असा नियम त्यांनीच केला होता. पण अर्ध्या तासासाठी आत टाकलेली मुलगी आमचा चहा झाला, भाजी निवडून झाली की मग आठवायची. शिवी दिली, कोठी. ताट फेकलं, कोठी. स्वतःच्या हातावर ब्लेड मारून घेतलं तरी कोठी. तेव्हा तर आधी कोठी आणि मग पट्टी. यातलं काहीच मला वेगळं वाटेनासं व्हायला महिनाभरही लागला नाही.

जतकडची मुलगी आली तेव्हा मी तिथं जुनी झाले होते.

ती पंधरा वर्षांची होती. मेंढरं राखणाऱ्या घरातली. उंच, सावळी, केस पार कमरेच्या खाली. घरच्यांनी तेराव्या वर्षीच तिचं लग्न लावून दिलं होतं. सासरहून ती पळाली आणि मिरज स्टेशनावर पोलिसांना सापडली. तिला मराठी समजायचं, पण बोलायला तोंडात कानडीच यायचं. पहिले दोन दिवस ती भिंतीला पाठ लावून बसली. जेवायचं ताटसुद्धा तिनं भिंतीशी ओढून घेतलं. आम्ही म्हटलं, गरीब दिसते.

रविवारी केसांना उवांचं औषध लावायचा कार्यक्रम असायचा. मुली ओळीनं आमच्याकडं पाठ करून बसायच्या आणि आम्ही मागून एकेकीचे केस सोडायचो. तिची पाळी आली. मी तिची वेणी हातात धरली मात्र, ती सापासारखी उलटली. तिचं डोकं माझ्या हनुवटीवर आदळलं. दात जिभेवर बसले, तोंडात रक्त आलं. ती उभी राहून ओरडत होती, "हिंदिंद बरब्याड्री! हिंदिंद बरब्याड्री!"

"शिव्या देतीया बघ," थोरल्या बाई म्हणाल्या. "कानडीत शिव्या देतीया. घाल आत."

ती पहिली कोठी. त्यानंतर चार महिन्यांत किती वेळा, ते मला आज सांगता येणार नाही. दर रविवारी तर ठरलेलंच. शिवाय कधी रांगेत मागच्या मुलीचा धक्का लागला म्हणून, कधी मी तिला उठवायला खांद्याला हात लावला म्हणून. दरवेळी तेच ओरडणं. बाकीच्या मुली बघायला गोळा व्हायच्या. काही जणी तिची नक्कल करायच्या, "बरब्याड्री, बरब्याड्री," आणि हसायच्या. मी त्यांना हसू द्यायचे. एकदोनदा मीही हसले. दार उघडलं की ती समोरच्या कोपऱ्यात उभी असायची, पाठ दोन भिंतींच्या मध्ये घट्ट रुतवून. मला वाटायचं, रुसलीय.

हात मोडला तो उन्हाळ्यात. माझे रोजे चालू होते. सकाळपासून पाण्याचा टँकर आला नव्हता. मुली करवादलेल्या, थोरल्या बाईंचं डोकं दुखत होतं. पुन्हा रविवार. मी त्यांना म्हणाले, "हिचं आज राहू दे का?" त्या म्हणाल्या, "आज सोडलीस तर उद्या सगळ्याच न्हाई म्हंतील." त्यात मलाही तथ्य वाटलं. दोघींनी मिळून तिला पालथी पाडली. थोरल्या बाई पायांवर बसल्या. मी तिचा उजवा हात मागं वळवला, थोरल्या बाईंनी शिकवलं होतं तसा, मनगट पाठीला टेकेपर्यंत. ती नेहमीचंच ओरडत होती. मी आणखी थोडा वळवला.

हे आणखी थोडं कशासाठी, ते मी नंतर पुष्कळ वेळा आठवून पाहिलंय. ती तेव्हा हलतसुद्धा नव्हती. चार महिने तिनं मला चारचौघांत खाली बघायला लावलं होतं, त्याचा राग होता. जीभ कोरडी पडली होती, त्याचा राग होता. ती माझ्या हाताखाली होती एवढंच त्याला कारण.

वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज आला. ती ओरडायची थांबली.

सरकारी दवाखान्यात मीच तिला घेऊन गेले. डॉक्टर तरुण होता. त्यानं हात बघितला, मग माझ्याकडं बघितलं. "कसं झालं?"

"न्हाणीघरात घसरली," मी म्हणाले.

त्यानं तिला विचारलं, "घसरलीस का गं?"

तिनं आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्या हातांकडं. होय अशी मान हलवली. डॉक्टर क्षणभर थांबला. पण बाहेर पेशंटांची रांग दारापर्यंत होती. त्यानं प्लास्टर घातलं. येताना मी रिक्षा थांबवून तिला उसाचा रस पाजला. तिनं तो डाव्या हातानं, एका दमात प्याला. मला वाटलं, मिटलं.

मिटलं कसलं? आठच दिवसांत प्लास्टरसकट तिला पुन्हा कोठीत टाकलं. का, तेही आता धड आठवत नाही. आत तिनं प्लास्टर भिंतीवर आपटून आपटून ढिलं केलं. आम्ही वरून कापड गुंडाळलं. रोजच्या अहवालात थोरल्या बाईंनी लिहिलं, 'खाज सुटल्याने मुलीने प्लास्टर काढले.' खाली दोघींच्या सह्या. दवाखान्यात पुन्हा न्यायचं म्हणजे पुन्हा तो डॉक्टर. नेलं नाही. हात वाकडाच जुळला.

त्याच महिन्यात ईदला मी साताऱ्याला गेले. माझ्या मुलीला नवा ड्रेस आणला होता, तो तिला आवडला नाही. तिनं तो पायानं भिरकावला. लहान मुलं करतात असं. मी उठले, तिचा हात कोपरातून मागं वळवला, तिला ढकलत न्हाणीत नेलं आणि बाहेरून कडी लावली. मग गॅसपाशी येऊन शिरखुर्मा ढवळत बसले. ती दार वाजवत होती आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी मनात म्हणत होते, थोड्या वेळानं थकेल.

आई शेजारी ईद मुबारक करायला गेली होती. ती आली आणि तिनं कडी काढली. मुलगी ओली झाली होती. न्हाणीतलं पाणी तसंच होतं. ती कशानं ओली झाली ते आईला कळलं आणि मलाही कळलं. आईनं तिला पदराखाली घेतलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "हे कुठनं शिकून आलीस?"

"कामावरनं," मी म्हणाले.

त्या सुट्टीत मुलगी माझ्याजवळ आली नाही. केस विंचरायला नानीकडं गेली. मी हात पुढं केला की तिची मान खांद्यात जायची. मला सगळ्यात वाईट कशाचं वाटलं असेल, तर माझा हात आपोआप गेला याचं. मी रागावलेसुद्धा नव्हते.

सांगलीला परत आले तर अधीक्षक बदलल्या होत्या. नव्या मॅडम वाईच्या, तिशी नुकतीच ओलांडलेल्या, अंगानं बारीक, आवाज इतका हळू की पुढं वाकून ऐकावं लागायचं. थोरल्या बाई म्हणाल्या, "ही आठ दिवस टिकत न्हाई."

मॅडमनी सगळी इमारत फिरून पाहिली. कोठीपाशी आल्यावर आत गेल्या आणि म्हणाल्या, "बाहेरून कडी लावा."

"आवं, कशाला मॅडम?" थोरल्या बाई हसल्या.

"लावा. तुम्हाला वाटेल तेव्हा उघडा."

थोरल्या बाईंनी कडी लावली. मग खरंच आम्ही जाऊन चहा घेतला. थोरल्या बाईंनी मुद्दाम दुसरा कप भरला. उघडलं तेव्हा मॅडमचा चेहरा घामानं भिजला होता. त्या बाहेर आल्या आणि दाराच्या पत्र्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "आतल्या पत्र्यावर नखांचे ओरखडे आहेत. कुणाचे?"

मी म्हणाले, "बऱ्याच जणींचे."

त्याच दुपारी सुतार बोलावला. त्यानं कडी काढली, मग मॅडमनी दारच बिजागऱ्यांतून काढायला लावलं. आम्हा सगळ्या बायांना बसवून त्यांनी सांगितलं की यापुढं कुणाला कोंडायचं नाही, बांधायचं नाही. एखादी स्वतःचा किंवा दुसरीचा जीव धोक्यात घालत असेल तरच धरायचं, तेही दोघींनी, समोरून, आणि ती ढिली पडली की लगेच सोडायचं.

"मग पोरी आमाला मारतील," थोरल्या बाई म्हणाल्या.

"मारतील," मॅडम म्हणाल्या. "काही दिवस नक्की मारतील."

त्यांनी मारलं. पहिला महिना आधीपेक्षा वाईट गेला. दार नाही हे कळल्यावर मुलींनी जणू सगळं जुनं बाहेर काढलं. काचा फुटल्या. एका बाईच्या अंगावर गरम आमटी आली, तिनं काम सोडलं. एक मुलगी कुंपणावरून उडी मारून फलटणपर्यंत गेली आणि पोलिसांनी परत आणली. थोरल्या बाई रोज म्हणायच्या, "बघा, आमी म्हणत नव्हतो?" आणि मला त्यांचंच पटायचं. कोठी असताना निदान शांतता होती.

मॅडम एकेका मुलीला बोलावून दोनच प्रश्न विचारायच्या. तुझं डोकं कशानं फिरतं? आणि फिरल्यावर काय केलं तर बरं वाटतं? जतच्या मुलीशी बोलायला त्यांना कानडी येणारं माणूस हवं होतं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, "इथं कुणाला कानडी येतं का?"

स्वयंपाकाच्या मावशींनी परातीतला हात काढला. "मला येतंय की. माझं म्हायेर सीमेवरचं."

मावशी तिथं कितीतरी वर्षं होत्या. कोठीची भिंत आणि त्यांच्या चुलीची भिंत एकच.

त्यांनी मुलीला जवळ घेतलं. मॅडम आणि मी समोर बसलो. मावशी कानडीत विचारत होत्या, मुलगी खाली बघून सांगत होती. बोलणं फार नव्हतं. मावशींनी पदरानं तोंड पुसलं आणि सांगितलं, की सासरी तिला वेणीनं खाटेच्या खुराला बांधून ठेवायचे. पळून जाते म्हणून. आणि नवरा मागून यायचा. कवा येईल ते तिला दिसायचं नाही, कारण मान वळायची नाही.

मॅडमनी विचारलं, "आणि ती ओरडते ते काय? ते हिंदिंद?"

मावशी माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मागनं येऊ नका, म्हंते."

"शिवी नाही?"

"शिवी कुठली, मॅडम. 'ड्री' म्हंते ती. नुसतं 'बरब्याड' न्हाई म्हणत, 'बरब्याड्री' म्हंते. थोरामोठ्यांना म्हणत्यात तसं. अहो-जाहो करती या बायांना."

मी मावशींना विचारलं, "तुम्हाला पहिल्यापासून कळत होतं?"

"व्हय. रोज ऐकत हुते."

"मग बोलला का नाहीत?"

मावशींचे डोळे लाल झाले होते, पण आवाज साधाच होता. "मला कुणी इचारलं? आन तुमच्या फुडं बोलून मी काय, चूल सोडायची हुती?"

मावशींनी पुन्हा कणकेत हात घातला.

पुढच्या रविवारी मॅडमनी पाठमोरी ओळ बंद केली. व्हरांड्यात एक आरसा लावला. मुलींनी भिंतीला पाठ लावून बसायचं, औषध स्वतः लावायचं किंवा आवडेल त्या मैत्रिणीकडून लावून घ्यायचं. आम्ही समोर बसायचं, लांब. जतच्या मुलीनं तीन रविवार औषधाला हात लावला नाही. उवा दुसऱ्या मुलींच्या डोक्यात गेल्या, त्यांनी आरडाओरड केली. चौथ्या रविवारी तिनं मावशींना बोलावलं आणि त्यांच्या समोर मांडी घालून बसली. मावशींनी समोरूनच, तिच्या खांद्यांवरून हात नेऊन केस विंचरले. तास लागला. आम्ही चार महिने जी मारामारी केली ती या एका तासासाठी.

मी शिकायला सगळ्यात हळू होते. एकदा दुसरीच एक मुलगी चिडली आणि मी मधे गेले, तर तिनं माझ्या मनगटाला दात रोवले. माझा दुसरा हात तिच्या केसांकडं निघाला होता. तो मी पाठीमागं नेला आणि स्वतःचाच कमरेचा दुपट्टा मुठीत धरला. ती चावत होती आणि मी म्हणत होते, "चाव. मी धरत नाही. चाव." रक्त आलं. मग तिनंच सोडलं आणि रडायला लागली. मॅडमनी नंतर मला शाबासकी दिली नाही. "टिटॅनसचं इंजेक्शन घ्या," एवढंच म्हणाल्या.

हळूहळू धरायचे प्रसंग कमी झाले. काही आठवडे एकही नसायचा. मग एखाद्या दिवशी पुन्हा यायचा आणि आम्ही बसून बोलायचो, काय चुकलं. मॅडमचा नियम होता, आधी मुलीनं सांगायचं, मग बाईनं. अशाच एका बैठकीत जतची मुलगी खाण्याचं ताट उचलत असताना मॅडमना तिचा हात दिसला. मनगटाच्या वर बाक आलेला.

"हा असा कशानं?" त्यांनी विचारलं.

खोलीत दहाबारा मुली होत्या, थोरल्या बाई होत्या, मावशी होत्या. जतच्या मुलीला आता मराठी बऱ्यापैकी यायला लागलं होतं. ती सांगू शकली असती. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला वाटलं असावं, आता मी सांगेन. दार काढलंय, आरसा लावलाय, ही बाई चावून घेते, आता ही सांगेल.

"न्हाणीघरात घसरली होती, मॅडम," मी म्हणाले.

तिनं मान खाली घातली. पुन्हा माझ्याकडं पाहिलं नाही.

हात मोडला त्या दिवसापेक्षा हा दिवस मला जास्त लागतो. त्या दिवशी राग होता. या दिवशी मला सगळं माहीत होतं. ती काय ओरडत होती ते माहीत होतं, वेणीचं माहीत होतं, मला कुणी घाई केली नव्हती. तरी तोंडातून तेच आलं.

सोळा दिवस मी तशीच कामावर जात राहिले. सतराव्या दिवशी सकाळी मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं. कुणी पाय धरले, हात कुणी वळवला, प्लास्टरचं काय झालं, सगळं. मॅडम लिहीत गेल्या. मधे एकदाच थांबल्या. "ती हलत होती का त्या वेळी?" "नाही," मी म्हणाले. त्यांनी तेही लिहिलं.

चौकशी झाली. समितीपुढं थोरल्या बाईंनी सांगितलं की आम्ही जे केलं ते सगळेच करत होते आणि वरच्यांना ठाऊक होतं. ते खोटं नव्हतं. वरच्यांना कुणी काही विचारलं नाही. आम्हा दोघींना काढलं. सामान घेऊन निघालो तेव्हा फाटकाशी थोरल्या बाई मला म्हणाल्या, "तू सांगून मोकळी झालीस. पर हात तुझा व्हता, गं. मी पायावं बसले व्हते." आणि रिक्षात बसून गेल्या. तेही खोटं नव्हतं.

मुलीला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, हात सरळ करायचा तर पुन्हा मोडून बसवावा लागेल. मावशींनी मला नंतर फोनवर सांगितलं की हे ऐकून तिनं मराठीत विचारलं, "आता कोण मोडणार?" डॉक्टरांना ते कळलं नाही. मॅडम उठून बाहेर गेल्या. तिनं ऑपरेशन करून घेतलं नाही.

मी साताऱ्याला परतले. आता घरी शाळेचे गणवेश शिवते. माझी मुलगी मोठी झालीय. माझ्याशी बोलते, हसते, पण मी खोलीत आले की तिला ते आधी कळावं लागतं. म्हणून मी दारातूनच काहीतरी बोलत आत येते. या गोष्टीवर आमच्यात कधी बोलणं झालेलं नाही.

जतची मुलगी अठराची झाल्यावर सांगलीतच एका वसतिगृहात राहून बेकरीत कामाला लागली, असं मावशींकडून कळलं. मी फार दिवस ठरवत होते, शेवटी गेले. बेकरीच्या मागच्या अंगाला ती पाव पुड्यांत भरत होती. केस कानापर्यंत कापलेले. मला पाहून तिनं हातातलं काम थांबवलं नाही. वाकड्या हातानं पुडीला पीळ देताना कोपर बाहेर काढावं लागत होतं. तिला त्याची सवय झाली होती.

"माफी मागायला आलेय," मी म्हणाले.

ती स्वच्छ मराठीत बोलली. "कशाला पायजे तुमाला माफी?"

मी वाटेत पुष्कळ जुळवून आणलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. "मला बरं वाटावं म्हणून," मी म्हणाले.

तिनं थोडा विचार केला. खरंच केला, हे मला दिसलं. पुडी बाजूला ठेवली, दुसरी घेतली.

"मग न्हाई," ती म्हणाली. "आन हितं पुन्यांदा येऊ नका. मालकीण इचारते, कोण व्हती म्हणून. मी काय सांगू?"

आतून कुणीतरी तिला हाक मारली. भट्टीतून नवा घाणा निघाला होता. तिनं पिठाचे हात कपड्याला पुसले आणि आत गेली. मी थोडा वेळ तिथंच उभी राहिले. मग एका पोऱ्यानं ट्रे न्यायचा म्हणून मला बाजूला व्हायला सांगितलं, तेव्हा निघाले.